आधी सवय, मग मिनिटं, मग ताकद, वेग शेवटी: चाळिशीनंतर व्यायाम सुरू करण्याचा बारा आठवड्यांचा क्रम

दिवाळी आटोपली की आमच्या तालुक्याच्या गावातलं शाळेचं मैदान पहाटे गजबजतं आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा ओस पडतं. क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावरही मी रोज तिथे जातो, त्यामुळे ही गळती डोळ्यांसमोर होते. सोडून जाणारी माणसं आळशी नसतात. बहुतेकांनी पहिल्याच दिवशी मैदानाच्या दहा फेऱ्या मारलेल्या असतात. चारशे मीटरची एक फेरी धरली तर ते चार किलोमीटर झाले, तेही वीस वर्षं फक्त मोटारसायकलवर बसलेल्या पायांनी. तिसऱ्या आठवड्यात टाच धरते, गुडघा कुरकुरतो, आणि "आपल्याला व्यायाम मानवत नाही" असं ठरवून माणूस घरी बसतो.

मानवत नाही असं काही नसतं, क्रम उलटा लागलेला असतो. खाली दिलेला क्रम चाळीस ते पासष्ट वयाच्या, बरीच वर्षं व्यायाम न केलेल्या माणसांसाठी आहे: दुकानात बसणारे, जळगाव-भुसावळ अप-डाऊन करणारे, ट्रॅक्टर चालवणारे, घर आणि मळा दोन्ही सांभाळणाऱ्या बाया. पूर्ण वाचा, मग पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा. मधला टप्पा गाळू नका.

## टप्पा १: वहीत सहा आकडे लिहा

चपला घालून निघण्याआधी एक जुनी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख आणि त्याखाली हे सहा आकडे लिहायचे.

१. रक्तदाब. पाच मिनिटं शांत बसून मोजलेला. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा.

२. उपाशीपोटी साखर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही.

३. कमरेचा घेर. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. पँटचं माप धरू नका, पँट पोटाखाली बसते. आपल्याकडच्या पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर गेलेला घेर धोक्याचा मानतात.

४. नाडी. सकाळी अंथरुणातच मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारने गुणा.

५. उठबस. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर आडवे बांधा, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. साठ ते चौसष्ट वयात पुरुषाच्या चौदापेक्षा कमी आणि बाईच्या बारापेक्षा कमी झाल्या तर मांड्यांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे.

६. वजन. हा आकडा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बारा आठवड्यांत सगळ्यात कमी हलेल तो हाच, आणि रोज काट्यावर उभं राहणारा माणूस सगळ्यात आधी सोडतो असा माझा अनुभव आहे.

आधी डॉक्टरांना कोणी भेटायचं? छातीत दाब येतो, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते, चालताना चक्कर येते, पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झालाय, मूत्रपिंडाचा त्रास आहे, किंवा साखरेसाठी इन्सुलिन चालू आहे, यातलं एक जरी लागू असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर तो खाली आल्याशिवाय सुरुवात करू नका. डॉक्टरांना "मी व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका. "मी रोज दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करून सहा आठवड्यांत तीस मिनिटांवर जाणार आहे, माझ्या गोळ्यांमध्ये काही बदल लागेल का?" असं विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते आणि काहींनी लघवी वाढते, त्यामुळे त्यांना गोळ्यांची नावं दाखवणं गरजेचं आहे.

इशारा: चालताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं, थंड घाम फुटला, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावायला सांगा. मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अचानक आलेली धाप आणि गळाठा हीच त्याची खूण असू शकते. "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी चालत जाऊ नका.

## टप्पा २: वेळ, जागा, बूट

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधून घ्या. "सकाळी साडेपाचला" असं ठरवलं तर डिसेंबरच्या थंडीत ते मोडतं, कारण तेव्हा सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. "दूध तापवून गॅस बंद केला की" किंवा "दुकानाचं शटर उघडण्याआधी" हे बारा महिने टिकतं. बायांना पहाटे नळाचं पाणी भरायचं असतं, डबे असतात. त्यांच्यासाठी जेवणानंतरची संध्याकाळची वेळ बऱ्याचदा बरी पडते. पहाटेचाच व्यायाम खरा, हा समज सोडून द्या.

जागा घरापासून पाच मिनिटांच्या आत हवी. जळगावात मेहरूण तलावाचा काठ किंवा धुळ्यात पांझरेचा काठ छान आहे, पण तिथवर पोचायला गाडी काढावी लागत असेल तर ती जागा रविवारची. रोजच्यासाठी गल्ली, कॉलनीतला रस्ता, मंदिराचं पटांगण किंवा शाळेचं मैदान पुरतं. महामार्गावर चालणं टाळा. चालावंच लागलं तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. कानात इअरफोन नकोत.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे आणि टाच घसरता कामा नये. महागच हवेत असं नाही. पण झिजलेल्या सँडलवर किंवा स्लिपरवर रोज तीस मिनिटं चालणं म्हणजे टाचदुखीला आमंत्रण. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात चालू नका, आणि परत आल्यावर तळवे रोज बघा. खाली वाकून दिसत नसतील तर आरसा जमिनीवर ठेवा. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही.

इथे चुकतं: वर्षाची जिमची फी आधी भरून टाकणं. पैसे भरल्याने सवय लागत नाही. बारा आठवडे पार पडल्यावर जिम हवीशी वाटली तर तेव्हा एका महिन्याची फी भरा.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं

हा सगळ्यात अवघड टप्पा आहे, कारण तो फार सोपा वाटतो. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. वेग तुमच्या रोजच्या चालीचा.

सहाव्या-सातव्या दिवशी अंगात हुरूप येतो, आणखी दोन फेऱ्या माराव्याशा वाटतात. मारू नका. चालल्याने दम आणि स्नायू लवकर सुधारतात, पण टाचेमागची शीर, गुडघ्याभोवतीचे बंध आणि हाडं यांना नव्या कामाची सवय व्हायला जास्त आठवडे लागतात. दम म्हणतो "चल", टाच म्हणते "थांब", आणि तिचं न ऐकणाऱ्याला ती तिसऱ्या आठवड्यात गाठते. मैदानावर सुरुवातीलाच पळणाऱ्यांची जी गळती मी बघतो, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

दुसरं कारण सवयीचं. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास काही वेगळंच सांगतो: नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात मोजायचं ते अंतर नव्हे, फक्त दिवस. गेलो तर वहीत फुली, नाही गेलो तर रिकामी चौकट.

एक ताई आमच्या मैदानावर यायला लाजायच्या. साडीवर बूट घातले तर लोक काय म्हणतील, ही त्यांची अडचण. त्यांनी पहिले दोन आठवडे घरामागच्या वाड्यातच दहा मिनिटं फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीला घेऊन त्या बाहेर पडल्या, आणि आता त्यांच्यासोबत सात जणी असतात. सोबत हवीच, पण सोबत मिळेपर्यंत थांबून राहू नका.

तपासून पाहा: दोन आठवड्यांत बारापैकी निदान नऊ फुल्या पडल्या का? पडल्या असतील तर पुढे. नसतील तर वेळ बदला आणि हाच टप्पा पुन्हा करा. मिनिटं वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

## टप्पा ४: तिसरा ते सहावा आठवडा, मिनिटं वाढवा

तिसऱ्या आठवड्यात १५ मिनिटं, चौथ्यात २०, पाचव्यात २५, सहाव्यात ३०. आठवड्यातून पाच दिवस. सहाव्या आठवड्यात तुमची १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम दमाची १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत, म्हणजे तुम्ही तिच्या खालच्या मर्यादेपर्यंत पोचलात. तीस मिनिटं सलग जमत नसतील तर सकाळी पंधरा, रात्री पंधरा केली तरी चालतात. साखर असलेल्यांना तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं विशेष उपयोगाची, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची उसळी कमी होते.

मध्यम दम ओळखायला यंत्र लागत नाही. सोबतच्या माणसाशी कापसाच्या भावावर बोलता आलं पाहिजे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन म्हणता येत असेल तर चाल मंद आहे, आणि वाक्य मधेच तुटत असेल तर जास्त होतंय. दुसरी खूण पावलांची: पंधरा सेकंदांत साधारण पंचवीस पावलं, म्हणजे मिनिटाला शंभर.

सुरुवातीची तीन-चार मिनिटं सावकाश, शेवटचीही सावकाश. थांबल्यावर लगेच पारावर बसू नका, दोन मिनिटं रेंगाळा. जोरात चालून एकदम थांबल्यावर रक्त पायात साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

गुडघेदुखी जुनी असेल तर नियम असा: चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं, तर चालू ठेवा. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं, तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत या. पूर्ण बंद केल्याने मांडीचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

शेतकरी भाऊ म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला चालायची काय गरज?" राबणं खरंच आहे, ते कमी लेखणार नाही. पण कापूस वेचताना कंबर तासन् तास वाकलेली असते, फवारणीचा पंप रोज त्याच पाठीवर आणि त्याच खांद्यांवर असतो, आणि नंतर दोन महिने काही नसतं. दमाचा व्यायाम त्यातून नियमित होत नाही. वेचणीच्या दिवसांत चालणं दहा मिनिटांवर आणा, पण फुली पडू द्या.

## टप्पा ५: सातवा ते नववा आठवडा, ताकद

मिनिटं आता तीसवरच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, हा नियम पाळला तर अर्ध्या दुखापती टळतात.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, मधे निदान एक दिवस मोकळा. समजा मंगळवार आणि शुक्रवार. हा भाग बहुतेक जण गाळतात, बायका तर हमखास. "आम्हाला कुठे पैलवान व्हायचंय?" पण चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि पासष्टीत न्हाणीघरात पाय घसरल्यावर सावरायला तेच लागतात. साखर साठवायची मोठी जागाही स्नायूच आहे. म्हणून इथे थोडं थांबून नीट वाचा.

१. खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकलेली. पाय खांद्यांइतके फाकवा, थोडं पुढे झुका, टाचांवर जोर देऊन उठा. बसताना मनात तीन मोजा, धपकन् बसू नका. खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यातच आहे. गुडघे आत वळत असतील तर लक्ष देऊन पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा. ८ वेळा.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्या, परत या. कंबर मधेच लोंबू देऊ नका. ८ वेळा.

३. एका हाताने ओढणं. कापडी पिशवीत पाण्याच्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवा, वजन दोन किलोच्या आसपास होतं. एक हात खुर्चीवर टेकवून वाका, पाठ सरळ ठेवा, दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत ओढा, सावकाश खाली सोडा. दोन्ही बाजूंनी ८-८. दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्यांची पाठ यानेच सुधारते.

४. पूल. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, तळपाय जमिनीवर. नितंब उचला, तीन मोजेपर्यंत धरा, खाली या. ८ वेळा. कमरेत कळ आली तर कमी उचला.

५. टाचा उचलणं. स्वयंपाकघराच्या ओट्याची कड धरून चवड्यांवर या, सावकाश खाली. १० वेळा. हे जमलं की कड धरूनच एका पायावर दहा सेकंद उभं राहून बघा. साठीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचा हा सराव आठवड्यातून तीनदा करावा.

पहिल्या आठवड्यात पाचही प्रकारांची एकच आवृत्ती, दुसऱ्या आठवड्यापासून दोन. वीस मिनिटांत आटोपतं. दोन्ही आवृत्त्या १२-१२ वेळा सहज होऊ लागल्या आणि सलग दोन दिवस तसंच वाटलं, की अवघड करा: उठबशीला हातात पिशवी धरा, भिंतीऐवजी भक्कम टेबलाच्या कडेवर जोर काढा.

श्वास रोखू नका. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. सोपी युक्ती म्हणजे मोठ्याने आकडे मोजायचे. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

सूर्यनमस्कार घालू नका असं मी म्हणत नाही. बारा स्थितींचा तो उत्तम व्यायाम आहे. पण ज्याला खुर्चीवरून आठ वेळा धड उठता येत नाही, त्याने पहिल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार घातले तर खांदा किंवा कंबर धरते. या तीन आठवड्यांनंतर दोनापासून सुरुवात करा.

दुखणं ओळखा: अंग आंबणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, दोन्ही बाजूंना सारखं आणि बोथट असतं, हिंडलं की मोकळं होतं. दुखापत एका जागी बोट ठेवून दाखवता येते, तीक्ष्ण असते, सांध्यात असते, सुजते. पहिल्यात चालत राहा. दुसऱ्यात त्या भागाला विश्रांती द्या, आणि आठवड्यात उतार पडला नाही तर दाखवा. मुरगळलेला पाय चोळून घेऊ नका.

## टप्पा ६: दहावा ते बारावा आठवडा, वेग

आता, आणि आताच, वेगाला हात घाला. पाचापैकी दोनच दिवस.

दहावा आठवडा: पाच मिनिटं सावकाश. मग तीन मिनिटं नेहमीची चाल आणि एक मिनिट झपझप, असं पाच वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश. एकूण तीस.

अकरावा: दोन मिनिटं नेहमीची, एक मिनिट झपझप, सात वेळा. बारावा: दोन आणि दोन, पाच वेळा. पुढची-मागची पाच-पाच मिनिटं तशीच.

झपझप म्हणजे पळणं नव्हे. एक पाय कायम जमिनीवर, कोपरात हात दुमडलेले, पावलं छोटी आणि भरभर. लांब ढांगा टाकल्या की टाच आपटते आणि नडगी दुखते. पळायची हौस असेल तर ती बाराव्या आठवड्यानंतर, याच पद्धतीने: दोन मिनिटं चाल, अर्धा मिनिट हळू पळणं.

## उन्हाळा आणि पावसाळा: इथे क्रम वाकवावा लागतो

पुण्या-मुंबईचे वेळापत्रक जसंच्या तसं उचलून आपल्याकडे चालत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि रात्री नऊलाही डांबरी रस्त्यातून वाफ येत असते. म्हणून बारा आठवड्यांची सुरुवात शक्यतो दिवाळीनंतर करा. होळीच्या आत सगळे टप्पे पार पडतात. उन्हाळ्यातच सुरू करायचं असेल तर पहिले चार आठवडे घरात करा.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, ऊन तापलं की, माझा नियम असा: मे महिन्यात सहाच्या आत उजाडतं, तेव्हा साडेपाचला बाहेर आणि साडेसहाला घरात. वेगाचे दिवस बंद. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, त्या काळात मिनिटं निम्मी करा. बाहेरगावी थंड ठिकाणी आठ-पंधरा दिवस राहून आलात तरी हेच. पहाट चुकली तर त्या दिवशी बाहेर पडूच नका. घरात कूलरसमोर जागच्या जागी पाय उचलून चाला, मात्र खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा वाढून घाम सुकत नाही.

घाम काढायला उन्हाळ्यात स्वेटर किंवा प्लास्टिकचं जॅकेट घालणारे मी पाहिले आहेत. घामातून पाणी जातं, चरबी नाही. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायलं की काटा परत तिथेच. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाणी प्यायचं सोडू नका. निघण्याआधी एक-दोन ग्लास, आल्यावर पुन्हा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. फार घाम गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून.

इशारा: उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घोटा मुरगळतो. मळ्याची वाट सोडा, काँक्रीटची गल्ली किंवा शाळेचा व्हरांडा धरा. पहाटेच्या अंधारात साप-विंचवाचं भय असतं, म्हणून टॉर्च आणि बंद बूट हवेतच.

## खाणं

थोडक्यात सांगतो, कारण यावर बोलणारे पुष्कळ आहेत. सत्तर किलोच्या माणसाचे तीस मिनिटं चालून साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवरच्या एका कचोरीत त्याहून जास्त भरतात. टपरीवरची बैठक मोडवत नसेल तर चहावर थांबा, तोही साखर कमी.

ताकदीच्या दिवसांत ताटात डाळ वाढवा. आपल्याकडे त्याची वानवा नाही: कळण्याची भाकरी, फुणके-कढी, घट्ट वरण, मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे. दादर ज्वारीची भाकरी सोडून पावडरीचा डबा आणायची गरज नाही. शेवभाजीचा तवंग मात्र रोज नको.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला जाऊ नये. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खा, अर्धं केळं पुरतं. २५० च्या वर असेल आणि अंगात बरं वाटत नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. खिशात साखरेची पुडी ठेवाच. हात थरथरले, घाम फुटला, भुकेने जीव कासावीस झाला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, बसा, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. अशा वेळी केळं नको. केळ्याच्या प्रदेशातले आपण सवयीने तेच काढतो, पण साखरेचं पाणी त्याहून लवकर भिनतं.

## खंड पडला तर

पडणारच. लगनसराईत रात्री बाराला जेवण होतं, वेचणीत अंग मोडून येतं, पाहुणे येतात, ताप येतो. माणसं इथे दोन टोकं गाठतात: एक तर कायमचं सोडतात, नाहीतर बुडालेले दिवस भरून काढायला रविवारी दहा किलोमीटर चालतात. दोन्ही चूक. परतीचा हिशोब असा ठेवा:

तीन दिवसांपर्यंत खंड पडला तर होता तिथूनच पुढे.
आठवडा गेला तर एक आठवडा मागे.
दोन-तीन आठवडे गेले तर मिनिटं निम्मी, ताकदीची एकच आवृत्ती.
महिन्याहून जास्त गेला तर टप्पा ३, पण या वेळी एकच आठवडा.

ताप असताना चालू नका. ताप पूर्ण उतरल्यावर दोन दिवस थांबा, मग निम्म्याने सुरू करा. डेंग्यूसारखा आजार झाला असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरच सांगतील. लग्नघरी असाल तर मंडपाभोवती दहा मिनिटं फिरा आणि वहीत फुली मारा.

## बाराव्या आठवड्याच्या शेवटी

वहीचं पहिलं पान काढा आणि तेच सहा आकडे त्याच पद्धतीने पुन्हा घ्या. उठबशा दोन-चारने वाढलेल्या दिसतील, सकाळची नाडी थोडी उतरलेली असेल, पट्ट्याचं भोक एक आत आलं असेल. वजन किलो-दोन किलो कमी होईल, किंवा होणारही नाही. घेर कमी झाला असेल तर त्याची चिंता करू नका.

साखर किंवा रक्तदाब सुधारलेला दिसला तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे मी हात जोडून सांगतो. तीन महिने नेटाने चाललेल्या आमच्या एका जिभाऊंनी "आता बरा झालो" म्हणून रक्तदाबाची गोळी सोडली आणि महिन्याभरात दवाखान्यात भरती झाले. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दोन्ही तारखांचे आकडे समोर ठेवले तर मात्रा कमी करायची की नाही ते त्यांना ठरवता येतं.

काहीच हललं नसेल तर आधी फुल्या मोजा. बारा आठवड्यांत चालण्याच्या पन्नासपेक्षा कमी भरल्या, तर अडचण वेळेची आहे, टप्पा २ पुन्हा वाचा. पन्नासच्या वर असूनही उठबशा तेवढ्याच राहिल्या, तर ताकदीचे दिवस बुडाले असणार. घेर तेवढाच असेल तर आठवडाभर संध्याकाळच्या चहासोबत काय काय पोटात जातं ते त्याच वहीत लिहून काढा.

तेराव्या आठवड्यासाठी नवं पान घ्या, वर तारीख लिहा. तीस मिनिटांची पस्तीस करा किंवा उठबशीच्या पिशवीत आणखी एक बाटली घाला. दोन्ही एकदम नको.